भगताचा शब्द



सैबेरियांतील एवेंकी लोकांच्या भाषेंतील ‘शमन’ हा शब्द आज जगभर रूढ झाला आहे. अंगांत दैवताचा संचार होऊन लोकांच्या अडचणींचा उलगडा करणारा मनुष्य, असा त्याचा स्थूल अर्थ. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत असा मनुष्य शोधावयास दूर जावें लागत नाहीं. देशावर तो देवऋषी. अकोले तालुक्याच्या डांगाणांत, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या परिसरांत, महादेव कोळी व ठाकर यांच्या वस्त्यांत तो भगत.

गुरें दगावलीं, मूल खंगूं लागलें, कीं घरधनी सुपांत तांदळाचे किंवा नागलीचे दाणे घेऊन भगताकडे जाई. भगत चिमटीनें दाणे उचली, जोड्या लावी, आणि सम-विषम पाहून कोणत्या देवाचें देणें राहिलें तें सांगे. देवळांत कौल लावावयाचा तर देवाच्या अंगास सुपारी किंवा फूल चिकटवीत. उजवें पडलें तर होकार, डावें पडलें तर नकार.

उभ्या गांवानें या माणसावर विश्वास कां ठेवावा? ‘अज्ञानामुळें’ एवढेंच उत्तर सुशिक्षित लोक देतात. मला तें अपुरें वाटतें. भगत परका नसे. आषाढांत तोही गुडघाभर चिखलांत भाताची आवणी करी. नारळ, कोंबडें, पायलीभर धान्य, याहून मोठी प्राप्ती बहुधा नसे. कोणाचें कोणाशीं वांकडें आहे, हें त्याला दाणे न पाहतांही ठाऊक! दोघां भावांत बांधाचा तंटा पेटला, तर पंचांचा निवाडा एकास कमीपणा आणी. देवाचा कौल मात्र दोघांनाही मान खालीं न घालतां स्वीकारतां येई. अशा ठिकाणीं कौल खरा कीं खोटा, हा प्रश्नच गौण होय. तंटा मिटे, हेंच त्याचें फळ.

परंतु हाच मनुष्य सापाचें विष उतरवावयास बसे, तेथें हिशेब बदलतो. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार मुख्य घातकी. तेही प्रत्येक दंशांत विष सोडतातच असें नाहीं. म्हणून भगताकडे नेलेले बरेचसे रोगी आपोआपच वांचत. वांचला तो मंत्रानें, मेला तो काळ आल्यानें. अशा जमाखर्चांत मंत्राला तोटा कधीं यावयाचाच नाहीं.

माझा एक विद्यार्थी असाच गेला. पावसाळ्याच्या रात्रीं मण्यार चावली. तिच्या दंशाची जागा फारशी सुजत नाहीं कीं दुखत नाहीं. तेव्हां विष उतरलें असें समजून घरचे निश्चिंत झाले. पहाटे मुलाच्या पापण्या मिटूं लागल्या. दवाखान्याची वाट अर्धी झाली होती. भगत त्याचा सख्खा चुलता होता. त्यानें फसविलें असें मला म्हणतां येत नाहीं. प्रामाणिकपणा निराळा आणि ज्ञान निराळें.

याहूनही भयंकर म्हणजे चेटकिणीचें नांव घेणें. गांवांत माणसें मरूं लागलीं कीं एखाद्या निराधार विधवेकडे बोट जाई, आणि तंटा मिटविणारा तोच शब्द सगळा गांव एका बाईविरुद्ध उभा करी. येथें तिची बाजू कोणी ऐकावी?

नाथांनीं आणि तुकोबांनीं या प्रकारांवर कोरडे ओढले. आपल्या काळांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं १९८९ मध्यें स्थापिलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या द्वारें कायद्याची मागणी लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला, व डिसेंबरांत कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें त्यानें गुन्हा ठरविलें आहे.

माझ्या परिचयाचा एक वृद्ध भगत दाणे अजून पाहतो. परंतु कोणास ‘पान लागलें’ असें कळलें कीं तो कपाळीं अंगारा लावतो, रोग्यास तत्काळ गाडींत घालावयास सांगतो, आणि स्वतःही शेजारीं बसतो. कारण भगत बरोबर निघाला म्हणजेच घरचीं माणसें दवाखान्याची वाट धरतात.