नर्सिंगच्या परवाना परीक्षेत पाठांतर का पुरत नाही? रोवणीच्या दिवसांतल्या एका उदाहरणातून समजून घ्या

समजा, जुलै महिना आहे. भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी जोरात सुरू आहे. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावातून ३८ वर्षांच्या बाईंना सकाळी साडेसातला रुग्णालयात आणलं जातं. पहाटेपासून पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्यात. सकाळचा उरलेला भात रात्री खाल्ला होता, असं घरचे सांगतात. ताप नाही. नाडी १०४, रक्तदाब १३०/८४, ऑक्सिजन ९७ टक्के. रात्री त्या जमिनीवर झोपल्या होत्या. बोलताना पापण्या जड होऊन खाली येतायत. नवरा म्हणतो, झोप झाली नाही म्हणून.

ड्युटीवरच्या नर्सने यातलं नेमकं काय उचलायचं?

नर्सिंगच्या परवाना परीक्षेत आता साधारण अशाच पद्धतीने प्रश्न विचारले जातात. इथे बोलतोय ते एनक्लेक्स या परीक्षेबद्दल. अमेरिकेत आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत नोंदणीकृत नर्स म्हणून काम करायचं तर ही परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण केल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, त्यासाठी वेगळी परवाना परीक्षा नसते. त्यामुळे परदेशी जाऊ पाहणाऱ्या भंडाऱ्याच्या मुलीला परवाना परीक्षा आयुष्यात पहिल्यांदा भेटते ती थेट एनक्लेक्सच्या रूपात.

१ एप्रिल २०२३ पासून काय बदललं?

त्या दिवसापासून परीक्षेचं नवं रूप लागू झालं. प्रत्येक उमेदवाराला रुग्णांच्या ३ केस येतात आणि प्रत्येक केसवर ६ प्रश्न. हे सहा प्रश्न म्हणजे विचाराच्या सहा पायऱ्या: खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, कोणती शक्यता सगळ्यात घातक ते ठरवा, उपाय शोधा, कृती करा आणि त्या कृतीचा परिणाम झाला का ते तपासा. यालाच क्लिनिकल जजमेंट म्हणतात. मराठीत सांगायचं तर रुग्णाजवळ उभं राहून केलेला विचार.

आता लाखांदूरच्या बाईंकडे परत जाऊ.

शिळा भात, उलटी, पोटदुखी, म्हणजे अन्नातून विषबाधा. पाठांतर करणारी विद्यार्थिनी इथेच थांबते. पण विषबाधा झालेल्या माणसाच्या पापण्या सहसा अशा खाली येत नाहीत. पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि उघडत नसलेले डोळे या चार गोष्टी शेजारी ठेवल्या की मण्यारचा संशय यायलाच हवा. मण्यार बहुतेकदा रात्री झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळपास नसते आणि खूण अनेकदा सापडतच नाही. म्हणूनच घरच्यांना ‘साप चावला’ हे माहीतच नसतं.

पुढची माहिती: काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. रक्त गोठलं. मग साप नाही? इथे भलेभले फसतात. ही चाचणी घोणस, फुरसं यांच्या रक्तावर परिणाम करणाऱ्या विषासाठी उपयोगी आहे. मण्यारचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडतं, त्यामुळे रक्त व्यवस्थित गोठतं. चाचणीचं नाव पाठ असणं वेगळं आणि ती काय सांगत नाही हे माहीत असणं वेगळं.

आठ वाजता बाईंचा आवाज घोगरा होतो, थुंकी गिळता येत नाही. एका श्वासात त्या मघाशी २४ पर्यंत आकडे मोजत होत्या, आता १४ वर थांबतात. ऑक्सिजन अजूनही ९६. स्क्रीनवरचा आकडा ‘सगळं ठीक’ म्हणतोय, पण श्वासाचे स्नायू थकत चाललेत. ऑक्सिजन घसरेल तेव्हा उशीर झालेला असेल. त्यामुळे पहिला क्रम श्वासमार्गाचा: तोंडातली लाळ ओढून काढणं, अंबू बॅग आणि नळी टाकण्याचं सामान हाताशी ठेवणं, डॉक्टरांना ताबडतोब बोलावणं. सर्पविषरोधक लस त्यांच्या आदेशानुसार लगेच सुरू होईल, पण श्वास थांबला तर लस एकटी वाचवू शकत नाही. लस चालू असताना अंगावर पित्त उठलं किंवा रक्तदाब पडला तर ती थांबवून अॅड्रेनॅलिनची तयारी. तासाभराने पापण्या तशाच दिसल्या म्हणजे उपचार फसला असंही नाही. मण्यारच्या विषातून स्नायू सावरायला बराच वेळ लागतो, कधी व्हेंटिलेटरवर काही दिवस काढावे लागतात.

अमेरिकेच्या परीक्षेत मण्यार येणार नाही, हे उघड आहे. पण आकडा चांगला आणि रुग्ण बिघडतोय, अशी केस नक्की येऊ शकते.

सराव कसा करायचा?

परीक्षा संगणकावर होते, उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. किमान ८५, कमाल १५० प्रश्न, वेळ ५ तास. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. लागू असलेले सगळे पर्याय निवडायच्या प्रश्नांत अर्धवट बरोबर उत्तराला गुण आहेत, पण चुकीच्या पर्यायाला गुण कापलाही जातो. सगळ्यांवर टिचकी मारण्याची युक्ती त्यामुळे चालत नाही.

हजारो प्रश्नांचे संच विकत घेण्याआधी वॉर्डमधली पोस्टिंग वापरा. शिफ्ट संपल्यावर एका रुग्णाबद्दल, नाव न लिहिता, तीन ओळी लिहा: आधी काय दिसलं, तेव्हा काय वाटलं, तासाभराने काय बदललं. सरावाचा प्रश्न सोडवताना उत्तर उघडण्याआधी कारण लिहा. बरोबर पर्याय चुकीच्या कारणाने निवडला असेल तर तो प्रश्न चुकलाच असं धरा. (हे करायला जिवावर येतं, म्हणून बहुतेक जण करत नाहीत.)

एक सवय मात्र मोडावी लागते. आपल्याकडे अनेक वॉर्डांत नर्सचं पहिलं उत्तर ‘सरांना विचारते’ हे असतं. परीक्षेत डॉक्टरांना कळवणं हा पर्याय बऱ्याचदा असतो, आणि कधी तोच बरोबरही असतो. पण त्याआधी नर्सने स्वतः करण्यासारखं काही उरलं असेल, तर पहिलं उत्तर ते. शिवाय परीक्षेतल्या रुग्णालयात सामान नेहमी हजर असतं, ‘सक्शन बंद आहे’ असा विचार करून उत्तर बदलायचं नाही.

नापास झाल्यास साधारण ४५ दिवस थांबावं लागतं आणि शुल्क पुन्हा भरावं लागतं: २०० डॉलर, त्यावर अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी आणखी १५० डॉलर आणि कर. रोवणीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात हा एका हंगामाचा हिशेब असू शकतो.