माटुंगा : दाराआतला नळ आणि दाराबाहेरची सोबत

इतिहास म्हटला की राजे नि किल्लेच का, आपण राहतो त्या गल्लीला इतिहास नसतो का, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं. असतो तर! म्हणून आज आम्ही माटुंग्याची गोष्ट सांगणार आहोत.

सव्वाशे वर्षांपूर्वी माटुंगा म्हणजे मुंबईबाहेरची भातखाचरं, ताडमाड आणि लहान लहान वस्त्या. शहराला जे जवळ नको, ते इकडे यायचं. १८९० साली कुष्ठरुग्णांसाठीचा आश्रम इथेच उभा राहिला.

मग १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला. दाटीच्या, अंधाऱ्या चाळींतून माणसं पटापट गेली. सरकारचे डोळे उघडले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरातली दाटी मोडायची आणि दादर, माटुंगा, शीव इथे नवी उपनगरं वसवायची, हे त्याचं काम. खाचरं भरून काढली, आधी रस्ते आणि गटारं आखली, मग घरांचे प्लॉट पाडले. फाइव्ह गार्डन्सच्या बागा, झाडांच्या दुतर्फा रांगा ही त्या आखणीचीच देणगी. १९२३ साली व्हीजेटीआय भायखळ्याहून इथे आलं, १९३७ साली रुईया कॉलेज सुरू झालं.

या गोष्टीत आम्हा बायकांना सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मात्र वेगळंच. इथल्या नव्या इमारतींत चाळीतल्या खोल्या नव्हत्या, 'ब्लॉक' होते. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची मोरी, स्वतःचा संडास. फोर्टातल्या कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या तमिळ, मल्याळी, कानडी कुटुंबांनी हे ब्लॉक भाड्याने घेतले. पुढे गुजराती, कच्छीही आले. घरातच संडास म्हणजे विटाळ, असं जुन्या वळणाच्या माणसांना वाटायचं. पण नळाच्या रांगेत भांडलेल्या, रात्री लेकराला घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत गेलेल्या बाईला विचारा, तो दाराआतला नळ म्हणजे काय होता ते!

मात्र दार लागलं आणि गॅलरीतली सोबतही गेली. ती सोबत बायकांनी बाहेर शोधली. देवळात, फुलांच्या बाजारात, भाजीच्या गाड्यांपाशी. आजही तिथे गजरा घेताना एकीला मराठी, दुसरीला तमिळ, तिसरीला गुजराती बोलताना ऐकावं. भाव मात्र तिघी सारखाच पाडून मागतात! त्याच माटुंग्याच्या मध्य रेल्वेच्या स्टेशनाचा कारभार २०१७ पासून बायकांच्या हाती आला. तिकीट खिडकीपासून स्टेशन मास्तरापर्यंत सगळ्या बायका, असं हे देशातलं पहिलं स्टेशन.

पण मैत्रिणींनो, माटुंगा एवढंच नाही. धारावीला लागून माटुंगा लेबर कॅम्प आहे. नाव तेच, नशीब वेगळं. कामगारांच्या, दलितांच्या या वस्तीत अण्णा भाऊ साठे वावरले, इथल्या कामगार चळवळीत त्यांची शाहिरी तापली. या वस्तीतून आणि धारावीतून कितीतरी जणी रोज सकाळी ब्लॉकमधली धुणीभांडी करायला जातात. दुसरीच्या घरातल्या नळाखाली भांडी घासायची आणि आपल्या घरी आल्यावर सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहायचं. प्लेगनंतर आखलेलं मोकळं, स्वच्छ उपनगर सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही, हे इतिहास सांगताना आम्हाला गाळता येत नाही.

आता जुन्या तीन मजली इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. पलीकडे धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा आहे. नकाशे पुन्हा काढले जातील. नळ कुणाच्या दाराआत येईल, सोबत कुठे बसेल, हे तेव्हा बायकांना कुणी विचारील का? विचारलं नाही, तर आपणच सांगायला हवं.

तोवर एक करा. आज आईजवळ, सासूबाईंजवळ बसा आणि विचारा, घरात पहिल्यांदा नळ कधी आला? जे ऐकाल ते वहीत लिहून ठेवा. आपल्या गल्लीच्या इतिहासाचं पहिलं पान तेच असेल.