नौकांचे मोसमी जतन, चांदा प्रदेशातील

वर्षाच्या ज्या काळात नौका चालविता येत नाही, त्या काळात ती पाण्याबाहेर काढून सुरक्षित ठेवण्याची पद्धती. थंड देशांत हा काळ हिवाळ्याचा असतो. पाणी गोठू लागण्यापूर्वी शिडाची नौका किनाऱ्यावर घेऊन पाळण्यासारख्या लाकडी चौकटीवर बसवितात. कोकणात हा काळ पावसाळ्याचा असतो, तर चांदा प्रदेशात, म्हणजे सध्याच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, तो पाणी ओसरल्यापासून पुढच्या पावसापर्यंतचा असतो. नौका वर्षातून किती महिने पडून राहते यावर ती बाळगणे परवडते की नाही हे बव्हंशी ठरते. चांद्याच्या जलवाहतुकीचा इतिहास समजण्यास हीच गोष्ट विशेष उपयोगी पडते.

पाण्यात नौकेला सर्व बाजूंनी सारखा आधार मिळतो. जमिनीवर तो मोजक्या जागी द्यावा लागतो. म्हणून सर्व भार तळाच्या मधल्या वाशावर, म्हणजे कण्यावर घेतात व बाजूंचे टेकू केवळ कलंडू न देण्यापुरते ठेवतात. टेकू आतील वाक्यांच्या किंवा आडभिंतींच्या खाली यावे लागतात. दोन वाक्यांच्या मधल्या नुसत्या फळीवर आल्यास ती आत दबते. चौकटीचे आडवे ओंडके मातीत न रुतविता दगडांवर ठेवल्यास वाळवी व ओल यांपासून बचाव होतो. नौकेचे एक टोक थोडे उंच ठेवले म्हणजे आत साचलेले पाणी निघून जाते. या रचनेत सुतारकामापेक्षा भार कोठे द्यावयाचा याची जाण अधिक महत्त्वाची होय.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडी होड्या ओंडक्यांवरून ओढून किनाऱ्यावर चढवितात, दोन्ही बाजूंनी टेकू देतात आणि झावळ्यांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात जातात. आंग्र्यांच्या मोठ्या गलबतांसाठी विजयदुर्गजवळ खाडीच्या काठी खडकात खोदलेली गोदी होती (सु. १०८ मी. लांब व मुखाशी ६९ मी. रुंद). भरतीबरोबर गलबत आत घ्यावयाचे व ओहोटीनंतर ते कोरडे करावयाचे, अशी तिची उपयुक्तता होती.

चांद्याकडे साग होता, पण बारमाही खोल पाणी नव्हते. आलापल्ली-अहेरीच्या जंगलातील सागाची कीर्ती जुनी आहे. हे लाकूड वाळताना फार आकसत नाही, त्यातील तेलामुळे त्यास कीड सहसा लागत नाही आणि लोखंडी खिळे त्यात लवकर गंजत नाहीत. नौकाबांधणीस याहून चांगले लाकूड क्वचितच मिळेल. येथील साग मात्र मुख्यत्वे घरांची दारे व तुळया यांच्याच कामी आला. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलेले लाकूड याच जंगलांतले होते.

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून निघणारी प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते. या मार्गाने वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट पूर्व समुद्रापर्यंत नेण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आली. धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधणारे आर्थर कॉटन हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. दुम्मागुडेम, इंद्रावतीच्या संगमाखालील इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी या तीन ठिकाणी खडकांनी पात्र अडविलेले होते. बंधारे, कालवे व जलपाश बांधून हे अडथळे टाळावयाचे असे ठरले. १८६० मध्ये निजामाकडून डाव्या तीरावरचा मुलूख मिळाल्यावर सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला भारतीय कापसाची निकड भासू लागली व कामास जोर आला. मात्र १८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग नागपूरला पोहोचला, १८७१ मध्ये जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले आणि १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडून सिरोंचा तहसील चांद्यास जोडण्यात आली.

या अपयशाचे खापर सामान्यतः खडकांवर व वाढत्या खर्चावर फोडले जाते. ते खोटे नाही. पण खडक फोडता येतात व कालवा खणता येतो, नदीचा कोरडा काळ मात्र कमी होत नाही. कापूस हिवाळ्यात वेचून, सरकी काढून उन्हाळ्याच्या सुमारास वाहतुकीस तयार होतो आणि नेमकी त्याच वेळी प्राणहिता वाळूत रुतलेली असते. मालाला पावसाळ्यापर्यंत कोठारात आणि नौकेला तितकेच दिवस काठावर थांबावे लागणार. त्यात चांद्याच्या उन्हाने फळ्या आकसून सांधे उघडे पडणार व दर पावसाळ्याच्या आरंभी ते पुन्हा बुजवावे लागणार. आगगाडीला असा मोसम नव्हता.

त्यामुळे या नद्यांवर टिकून राहिला तो डोंगा. एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेल्या या नौकेत सांधाच नसतो. अशा नौका उघड्या उन्हात टोकांकडून तडकतात; म्हणून त्या सावलीत जमिनीपासून उचलून ठेवणे किंवा पाण्यातच बुडवून ठेवणे हे उपाय जगात अनेक ठिकाणी योजले जातात. त्यासाठी पाळणा लागत नाही, गोदी लागत नाही आणि बिघडल्यास दुसरा बुंधा जंगलात असतो. भामरागड परिसरात पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांना पूर आला की पैलतीरावरील गावांचा धान्य, औषधे व शाळा यांच्याशी असलेला संबंध दीर्घकाळ डोंग्यावरच अवलंबून राहिला. भरलेल्या डोंग्याचा काठ पाण्यापासून थोडाच वर राहतो व प्रवाहात तो सहज उलटतो. २०१० नंतरच्या दशकात सिरोंच्याजवळ प्राणहिता व गोदावरी यांवर मोठे पूल झाले. आतील लहान नद्यांवर मात्र पुलांची कामे सावकाश झाली. दुम्मागुडेमचा बंधारा अद्याप उभा आहे.