माणूस कुठे उभा करावा?

आपल्यापैकी पुष्कळांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले असेल. तिथे फोटो काढणाऱ्याची काय त्रेधा उडते, तेही पाहिले असेल. अंगणात उभे राहावे, तर शिखर चौकटीबाहेर जाते. मागे सरावे, तर पाठीला कडा लागतो. शेवटी डोंगरावर चढावे, तेव्हा कुठे सबंध देऊळ नजरेत मावते. पण मग ते केवढे आहे, हेच कळेनासे होते! खाली अंगणातल्या दगडी हत्तीपाशी एखादा माणूस उभा असला, की मात्र एकदम उलगडा होतो.

ही युक्ती आजची नव्हे. १८४४ साली कंपनी सरकारने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमले. कुंचला घेऊन आलेले हे गृहस्थ पुढे कॅमेराही चालवू लागले. त्या काळी फोटो म्हणजे मोठा खटाटोप. काचेला रसायन लावायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. शिवाय ते रसायन तांबड्या-पिवळ्या रंगांना जवळजवळ आंधळे. आणि अजिंठ्याची चित्रे तर गेरू-पिवडीची! तेव्हा कॅमेऱ्याच्या वाट्याला आले ते मुख्यतः दगडी काम.

गिल यांचा कॅमेरा जोडभिंगांचा होता. दोन डोळ्यांना दिसावीत तशी दोन चित्रे तो घेई. ती यंत्रातून एकत्र पाहिली, की खांबामागचा खांब खरोखर मागे गेलेला दिसे. पण त्यासाठी चौकटीत जवळ काही, मध्ये काही आणि दूर काही असावे लागते. कुठे उभे राहायचे, हे ठरवण्यातच निम्मी कला असते ती अशी. १८६४ साली त्यांची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लंडनला पुस्तकरूपाने निघाली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिल यांच्या बहुतेक रंगीत नकला जळाल्या. छायाचित्रे मात्र उरली, कारण त्यांच्या प्रती अनेक होत्या.

आता अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात चला. तिथे भिक्षापात्र घेतलेले बुद्ध भिंतभर उभे आहेत आणि त्यांच्यापुढे यशोधरा व राहुल अगदी लहान काढले आहेत. बुद्धांची थोरवी त्या दोघांच्या लहानपणामुळेच डोळ्यांत भरते. पण लहान काढली, तरी ती माणसे कोण, हे आपण विसरलो नाही.

जुन्या फोटोंत खांबापाशी उभ्या केलेल्या माणसाचे तसे झाले नाही. तो मोजपट्टीसारखा उभा राहिला. खांबाची उंची आपल्याला कळली. त्याचे नाव बहुधा कुणी लिहून ठेवले नाही.

गुरुजनहो, आज कॅमेरा घरोघरी आहे. मुलांना घेऊन गावच्या बारवेचा, वेशीचा फोटो जरूर काढा. दोन पावले इकडेतिकडे सरून पाहा, कमानीजवळ एखादा माणूस उभा करा. मग फोटोच्या दोनचार प्रती काढा आणि प्रत्येकीच्या पाठीवर गाव, तारीख आणि त्या माणसाचे नाव लिहा. कमान पडली, तरी निदान तिच्याखाली कोण उभे होते, हे पुढच्यांना सांगता येईल.