परदेशी इलेक्टिव्ह (वैद्यकीय)

वैद्यकीय विद्यार्थ्याने पदवी हाती येण्यापूर्वी परदेशातील रुग्णालयात वा आरोग्यकेंद्रात, तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे घेतलेला अनुभव. वेतन नसते, उलट अनेक ठिकाणी शुल्क भरावे लागते. ब्रिटनमधील वैद्यकीय शिक्षणात ही प्रथा जुनी आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांकडे ती अलीकडे आली. आधीच्या पिढ्या परदेशी जात त्या सबंध पदवीसाठी. भारतातील सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या रखमाबाई लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, तेव्हा त्या विद्यालयाच्या मुलींना रुग्णांजवळ उभे राहून शिकायला रॉयल फ्री रुग्णालयाचेच दार उघडे होते.

नियम : 2019 च्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने भारतातील एमबीबीएसमध्ये इलेक्टिव्ह सक्तीचे केले. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग संपल्यावर चार-चार आठवड्यांचे दोन टप्पे ठेवले गेले. पुढे 2023 मध्ये हा काळ एका महिन्यावर आला. 75 टक्के हजेरी आणि भरलेले लॉगबुक नसेल, तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. बुडालेली क्लिनिकल पोस्टिंग भरून काढायला हा वेळ वापरू नये, असेही नियमात आहे. विषयांची यादी कॉलेज ठरवते, म्हणून परदेशातील जागा तीत बसते का, हे आधी डीनच्या कार्यालयात विचारावे. बसत नसेल तर सुट्टीत जावे लागते. नेरुळ-कामोठ्याच्या खासगी कॉलेजांत काय, नि परळच्या केईएममध्ये काय, प्रश्न हाच. बोनाफाईड, ट्रान्सक्रिप्ट, डीनचे शिफारसपत्र आणि एनओसी ही चार कागदपत्रे बहुतेक ठिकाणी लागतात.

हाताने काय करता येईल : नियोजनाचा गाभा इथे आहे, आणि चूकही इथेच होते. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसावर विद्यार्थ्याला इलेक्टिव्ह करता येते, पण ते विनावेतन असावे आणि त्यात रुग्णावर उपचार नसावेत. अमेरिकेत विनावेतन क्लार्कशिपसाठी (वॉर्डात प्रत्यक्ष रुग्णांसोबत शिकण्यासाठी) बी-1 व्हिसा चालतो. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची ‘व्हीएसएलओ’ ही अर्जव्यवस्था आहे. तीतून अर्ज करायचा तर आपले कॉलेज तिच्याशी जोडलेले असावे लागते. ‘ऑब्झर्व्हरशिप’ म्हणजे नुसते पाहणे : राउंडमध्ये मागे उभे राहायचे, रुग्णाला हात लावायचा नाही. दलालांच्या जाहिरातींत हा फरक सोयीस्करपणे पुसट होतो. 1951 मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यार्थी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघामार्फत होणारी महिनाभराची अदलाबदल हा तुलनेने स्वस्त मार्ग आहे.

लसी : इथे घाई चालत नाही. कावीळ-ब लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची चाचणी करायची. म्हणजे लस पूर्वी झालेली नसेल तर आठ महिने आधीच सुरुवात हवी. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचे दाखलेही मागतात. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचतात, त्यामुळे क्षयाची त्वचाचाचणी विनाकारण सकारात्मक येऊ शकते; अशा वेळी रक्तावरची इग्रा चाचणी किंवा छातीचा एक्स-रे पुढे करावा.

केनिया, युगांडा, घाना अशा देशांत जाणाऱ्याला पीतज्वराची लस लागते, आणि तिचे प्रमाणपत्र परतताना आपल्याच विमानतळावर तपासले जाते. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. एक रुग्ण आत आला तरी पुरे. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि 2016 पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेणाऱ्यांची या दहा दिवसांमुळे पंचाईत होते.

उलट वाट : परदेशातील विद्यार्थी महाराष्ट्रात येतात, हे आपल्या विद्यार्थ्यांना कमी ठाऊक असते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अनेक देशांतले लोक शिकायला आले. फारसे न शिकलेल्या खेड्यातील बायका प्रशिक्षण घेऊन बाळंतपण, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग ही कामे कशी सांभाळतात, हे त्यांना पाहायचे असते. आरोळे दांपत्याला 1979 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या विद्यार्थ्यालाही ही वाट मोकळी आहे : नियमावली खेड्यातील वा शहरातील सामुदायिक दवाखान्यातले इलेक्टिव्ह स्पष्टपणे मान्य करते. त्याला जामखेडला जायला व्हिसा लागत नाही आणि रुग्णाशी बोलायला दुभाषाही लागत नाही.

परदेशी जाणाऱ्याने बोलावणाऱ्या विभागाला पहिल्याच पत्रात विचारावे : रुग्णाची माहिती घेता येईल का, तपासता येईल का? उत्तर ‘फक्त पाहता येईल’ असे आले, तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळासाठी पैसे भरू नयेत.