मोटारीची उंची कमी करताना

मोटार खाली बसविली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती अधिक स्थिर राहते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढील चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असते. त्यात आखूड स्प्रिंग बसविल्यास लोअर आर्मचे आतील टोक खाली येते व आर्म तिरका होतो. परिणामी गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो 'रोल सेंटर' गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली सरकतो. दोहोंतील अंतर वाढल्याने कलण्याची प्रवृत्ती उलट वाढते. कँबर व टो बदलून टायरची आतील कड झिजते. टाय रॉडचा कोन आर्मशी विसंगत झाल्यास खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहते.

व्हील अलाइनमेंटने टो सुधारतो; कँबरसाठी विशेष बोल्ट मिळतात. रोल सेंटर मात्र त्याने वर येत नाही. त्यासाठी लांब दांड्याचा बॉल जॉइंट बसवून टाय रॉडचे बाहेरील टोकही त्या प्रमाणात खाली घ्यावे लागते. आखूड स्प्रिंगला अनुरूप शॉक अ‍ॅब्सॉर्बरही हवेत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असते. शिवाय, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी या दोन्ही मर्यादा तपासणे हिताचे.