फोर्ट स्टिकीनची दोन वर्षं

आमच्याकडे रात्री सर्व्हर कोसळला की कॉलवर पहिला प्रश्न असतो, निर्णय कोण घेणार? मुंबईच्या गोदी स्फोटाबद्दल वाचताना मला सारखा हाच प्रश्न आठवत होता.

‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रुपर्टला बांधलं गेलं. जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजं बुडवत होत्या. त्यांची भरपाई म्हणून एकाच साच्यातली जहाजं भराभर बांधली जात होती, त्यातलंच हे एक. ७,१४२ टनांचं, कोळशावर चालणारं, साधं. त्याच्यात वेगळं काहीच नव्हतं. वेगळा होता तो माल.

२४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, खोक्यांत बंद लढाऊ विमानं, शिवाय सोन्याच्या विटा. वाटेत कराचीला मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी आणि तेलाची पिंपं चढली. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवू नये, हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पण युद्धात रिकामी जागा कुणालाच परवडत नव्हती. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल झेंडाही जहाजावर नव्हता.

१२ एप्रिलला ते व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. १४ तारखेला दुपारी धूर दिसला. त्यानंतर हाताशी सुमारे दोन तास होते! एक म्हणाला जहाज इथंच बुडवा, दुसरा म्हणाला समुद्रात न्या, अग्निशमन दलाला वाटलं पाणी मारत राहावं. सगळ्यांचं ऐकून शेवटचा शब्द टाकणारा माणूस तिथे नव्हता. मग पाणीच मारत राहिले, ९०० टनांहून जास्त. आगीचं मूळ धुरात सापडलंच नाही.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेजारचं ‘जलपद्म’ जहाज उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

सोन्याची एक वीट उडून दूरवरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली. त्यांनी ती परत केली.